बॅग ज्याची त्याला

ब्राझीलच्या साओ पावलोत पाऊल ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी इलारिया कोल्के बसमध्ये एका बाईला चावली. चावली म्हणजे खरोखरच चावली, चांगले दात उमटले. जिला चावली ती पुढे तिची जिवाभावाची मैत्रीण झाली, आणि अजूनही कोणी नवं माणूस भेटलं की ती अंगठ्याखालची खूण दाखवल्याशिवाय राहत नाही. "बघा, आमची ओळख अशी झाली!"

झालं असं की इलारिया बोलिव्हियातल्या कोचाबांबाहून आली ती बसमागून बस बदलत, सरहद्दीवरची धूळ खात. अंगावरचे कपडे आणि छातीशी धरलेली एक कापडी पिशवी. पिशवीत पासपोर्ट, थोडे पैसे, आणि आजीकडे ठेवून आलेल्या लेकीचा, वायराचा, फोटो. निघताना गावातल्या प्रत्येकानं बजावलं होतं, त्या शहरात डोळ्यातलं काजळ चोरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रास या शिलाई कारखान्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या बसमध्ये ती उभी होती. बस इतकी भरलेली की पडायचं म्हटलं तरी जागा नाही. आणि समोर बसलेल्या एका जाड्या, सावळ्या बाईनं काही न बोलता तिच्या पिशवीचा पट्टा धरून ओढला.

इलारियानंही ओढला. बाईनं परत ओढला. मग इलारियानं वाकून दात रोवले.

"आई गं! चावली! अहो ही मेली चावली मला!"

सगळी बस हसायला लागली. कंडक्टर आपल्या उंच खुर्चीवरून उतरला, आणि इलारियाला पोर्तुगीज कळत नाही म्हणून त्यानं हातवारे करून समजावलं. ती इकडे तिकडे बघायला लागली. बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर बॅगांचा ढीग होता. शाळेची दप्तरं, हातपिशव्या, पावाच्या पिशव्या, एका आजोबांच्या मांडीवर तर कोणाचा तरी पंखा. बसलेल्यानं उभ्या माणसाची बॅग धरायची, अशी त्या बसमधली रीत. विचारायचं नाही, उघडायची नाही, मध्येच कोणाला द्यायची नाही. ज्यानं दिली तो उतरेपर्यंत धरायची आणि त्याच्याच हातात द्यायची. बास.

इलारियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिशवी पुढे केली. त्या बाईनं ती चावलेल्या हातानंच घेतली आणि ब्रासपर्यंत मांडीवर ठेवली. इलारिया उतरताना परत देत खुणा करून म्हणाली, "आत बघितलेलं नाही हं. आणि पुढच्या वेळी भूक लागली असेल तर तोंडानं सांग. माझ्याकडे मक्याचा केक असतो."

ती दोना लिंडाल्वा, म्हणजे लिंडाल्वाबाई. बाहियाच्या कोरड्या मुलखातून तरुणपणी आलेली, एका इस्पितळाच्या मुदपाकखान्यात भात शिजवणारी, आणि भांडायला एका पायावर तयार. दुकानदाराशी भांडायची, घरमालकाशी भांडायची, आणि मिठावरून तर चक्क डॉक्टरांशी. इलारिया तिच्या नेमकी उलट. नाकासमोर चालणारी, आवाज खाली, नजर त्याहून खाली. फुटपाथवरूनसुद्धा भिंतीकडेनं जायची. तरी दोघींचं जमलं. विरुद्ध माणसांचंच जमतं, सारख्यांची फक्त ओळख असते.

इलारियानं आधी दुसऱ्यांच्या कारखान्यांत सदरे शिवले. तिथले दिवस ती सांगत नाही आणि आपणही विचारू नये. मग एकदाचं तिनं स्वतःचं यंत्र घेतलं, जुनं पण तालात चालणारं. तिच्या मुलखात घरात नवं यंत्र आलं की त्यालाही बाळासारखी धर्ममाता, म्हणजे मानलेली आई, लागते. धर्ममातेनं त्यावर बियर शिंपडायची, दोरे बांधायचे, चार चांगले शब्द बोलायचे. लिंडाल्वानं हे ऐकलं आणि पोट धरून हसली. "मला पोरं होईनात तेव्हा देवापाशी काय काय मागितलं, आणि त्यानं दिलं काय, तर शिलाईचं यंत्र!" पण आली. नवा झगा घालून आली. थोडी बियर यंत्राला पाजली, बरीचशी स्वतः प्याली, आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायला लागल्या. आईचं आणि धर्ममातेचं नातं. मुलाच्या जागी यंत्र होतं इतकंच.

एका रविवारी लिंडाल्वानं तिला सांतोसला समुद्र दाखवायला नेलं. इलारियाच्या देशाला समुद्रच नाही. ती बुटांसकट पाण्यात उभी राहिली. मग म्हणाली, "वायराला दाखवायला हवा." तिच्या सगळ्या गोष्टींचा शेवट वायरावर व्हायचा. रहिवासाच्या तात्पुरत्या कागदावर ती राहत होती. त्याची मुदत संपत आली होती, आणि आता पक्का कागद मिळायचा होता. तो हातात आला की जायचं आणि पोरीला घेऊन यायचं. आजी थकली होती. पोर फोनवर "आई" म्हणायच्या आधी थोडी थांबायला लागली होती. ते थांबणं इलारियाच्या काळजाला कापत जायचं.

अशात तो जून उजाडला. बसचं भाडं वीस सेंतावोंनी, म्हणजे तिथल्या वीस पैशांनी, वाढलं आणि शहराचं डोकं फिरलं. रोज मोर्चे, रोज अश्रुधूर. लिंडाल्वा तर उकळत होती.

"वीस सेंतावो म्हणे किरकोळ! ज्यांना किरकोळ वाटतात त्यांनी एकदा आमच्या बसमध्ये उभं राहून दाखवावं. कोमाद्रे, सोमवारी येतेस का मोर्च्याला?"

"मी नाही यायची."

"का? तुझं भाडं नाही वाढलं?"

"वाढलं. पण परदेशी माणसानं असल्या ठिकाणी पाय ठेवायचा नाही, असा कायदा आहे. एकदा नाव लागलं की कागद गेला. मी इथली पाहुणी आहे, कोमाद्रे. घरच्यांच्या भांडणात पाहुण्यानं पडू नये."

"पाहुणी?" लिंडाल्वानं कमरेवर हात ठेवले. "पाहुणी बसून जेवते. तू अख्ख्या शहराचे सदरे शिवतेस! ही कुठली गं पाहुणी?"

इलारिया हसली, पण हलली नाही. तिचंही चुकत नव्हतं. पोर तिकडे होती, आणि कायद्याला कोणाची आई कोण ते कळत नाही.

त्या गुरुवारी इलारिया कापलेलं कापड आणायला शहरात गेली होती. संध्याकाळी लिंडाल्वा इस्पितळातून सुटल्यावर दोघी एकाच बसनं निघाल्या, आणि नशिबानं दोघींना बसायला मिळालं. खिडकीशी लिंडाल्वा, कडेला इलारिया. मांडीवर कापडाचं बोचकं. तीन थांबे गेले आणि बस अडकली. पुढे रस्ता बंद होता. लांबून फटाक्यांसारखे आवाज यायला लागले, मग डोळे चुरचुरायला लागले, आणि मागच्या दारातून पळत आलेली माणसं बसमध्ये शिरली. खोकणारी, घामेजलेली, कोणाच्या एकाच पायात चप्पल.

त्यात एक पस्तिशीची बाई होती. घोगरा आवाज, गळ्यात ओला रुमाल, पाठीवर फुगलेली बॅग. ती इलारियाच्या शेजारी दांड्याला लटकली. इलारियानं मान वर न करताच हात पुढे केला. इतक्या वर्षांची सवय. त्या बाईनंही न बघताच बॅग दिली. दोघींपैकी कोणाच्या मनात काही आलं नाही.

मग पोलीस चढले. एक अधिकारी पुढून, दोघे मागून. अधिकाऱ्याचं वय फार नव्हतं, पण आवाज म्हाताऱ्याचा होता. त्यानं ओल्या रुमालाकडे बोट केलं.

"तू. खाली उतर."

"का म्हणून? मी शिक्षिका आहे. घरी चाललेय."

"रस्त्यात ओरडताना मी बघितलंय तुला. उतर म्हणतो ना!"

तिला उतरवलं. आणखी दोघातिघांना उतरवलं. सगळ्यांना भिंतीशी ओळीनं बसवलं. मग अधिकारी परत चढला. "त्या बाईच्या पाठीवर बॅग होती. कुठंय?"

सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

"ठीक. प्रत्येकानं आपापली बॅग हातात घ्या."

आता जी गंमत झाली ती फक्त त्या बसमध्येच होऊ शकते. एकाही माणसाच्या हातात स्वतःची बॅग नव्हती. दप्तरं डोक्यांवरून मागे गेली, पावाची पिशवी पुढे आली, "ती निळी माझी", "अहो ताई, डबा सांडेल", "हे कोणाचं बाळाचं दूध?" असा बाजार उठला. अधिकारी मध्ये उभा राहून माना वळवत राहिला. लोकही मुद्दाम सावकाश करत होते. शेवटी सगळ्या बॅगा आपापल्या घरी गेल्या आणि एकच उरली, इलारियाच्या मांडीवर.

लिंडाल्वा ओठ न हलवता म्हणाली, "पायाखाली सोड. मी म्हणते माझीच आहे. माझं कोण काय वाकडं करणार?"

खरं तर सोडता आली असती. दोन बोटं ढिली करायची, की बॅग खाली. इलारियाच्या डोळ्यांसमोर वायरा आली, फोनवरचं ते थांबणं आलं. आणि का कोण जाणे, त्याच वेळी ती पहिली सकाळही आली. स्वतःच्या दातांचा वळ उठलेला हात, आणि त्या हातात नीट धरलेली तिची पिशवी. ती बाई तिला ओळखत नव्हती, तिची भाषा जाणत नव्हती, तरी तिनं धरली होती. आणि आपण सोडायची? तिला राग आला. पोलिसांचा नाही, स्वतःचा. इतकी वर्षं भिंतीकडेनं चालल्याचा.

"ही तुझी?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही ज्यांना उतरवलंत त्यांची. त्यांनी मला धरायला दिलीय."

"दे इकडे."

"नाही देणार."

लिंडाल्वानं पहिल्यांदाच आपल्या कोमाद्रेकडे तोंड उघडं टाकून बघितलं.

"काय म्हणालीस?"

"नाही देणार म्हटलं. ज्यानं धरायला दिली त्यालाच परत द्यायची. मी इथं आले तेव्हा तुमच्याच लोकांनी मला हे शिकवलं. तुम्ही कधी बसनं जात नाही का? तुमची आई जात नाही?"

तिच्या बोलण्यातून तिचा मुलूख लपत नव्हता. अधिकाऱ्यानं हात पुढे केला. "बोलिव्हियाची? कागद."

तिनं कागद दिले. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. नाव, देश, तात्पुरता रहिवास. "पक्क्यासाठी अर्ज केलायस. मग तुला ठाऊक असेल असल्या भानगडीत परदेशी माणूस सापडला तर काय होतं. एकदाच विचारतो. बॅग इथं ठेव आणि बसून राहा, नाहीतर बॅग घेऊन खाली उतर."

इलारिया उठली. मांडीवरचं कापडाचं बोचकं तिनं लिंडाल्वाच्या मांडीवर ठेवलं. "कोमाद्रे, हे जरा धरा." आणि ती बॅग छातीशी घेऊन उतरली.

भिंतीशी जाऊन तिनं बॅग शिक्षिकेच्या हातात दिली. "ही घ्या. मी उघडलेली नाही."

शिक्षिका बघतच राहिली. "अहो बाई, वेड्या आहात का? ह्याच्यासाठी उतरलात?"

अधिकाऱ्यानं बॅग उघडायला लावली. आतून निघाली व्हिनेगरची बाटली, अश्रुधुरात नाकाला लावतात ते, आणि कागदी पताकांच्या माळा. शाळेतल्या जूनच्या जत्रेसाठी पोरांनी कापलेल्या, लाल, पिवळ्या, हिरव्या, काही वाकड्यातिकड्या. बाटली जप्त झाली. जणू बॉम्बच सापडला होता. पताकांचं काय करावं हे मात्र सरकारला सुचलं नाही.

तिकडे बसमध्ये वेगळंच चाललं होतं. रस्ता मोकळा झाला, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, पण ड्रायव्हरनं इंजिन बंद करून टाकलं.

"गिअर पडत नाही, साहेब."

"आत्तापर्यंत पडत होता!"

"म्हातारी गाडी आहे, काय करणार. एक माणूस कमी असलं की तिला करमत नाही."

"दार पण लागत नाही," कंडक्टर म्हणाला आणि आपल्या खुर्चीवर निवांत टेकला. खिडकीतून लिंडाल्वाचा आवाज सगळ्यांच्या वर. "मी तिचं बोचकं धरलंय! ते कोणाला देऊ? सांगा ना, तुम्हाला देऊ? शिवता येतं का तुम्हाला?" उभी माणसंही ओरडायला लागली, बाईंना सोडा, भाडं भरलंय त्यांनी, नव्या दरानं भरलंय! भोंग्यांची रांग पार चौकापर्यंत गेली. अधिकाऱ्याला वरून फोन आला असावा, कारण तो फोनवर 'हो साहेब, हो साहेब' करत होता. शेवटी त्यानं इलारियाचे कागद तिच्या अंगावर फेकल्यासारखे दिले.

"जा. पण नाव लिहून घेतलंय मी. पुन्हा कुठं दिसलीस तर बघ."

त्याच वेळी गाडी आली आणि शिक्षिकेला आत ढकलायला लागले. ती दारातच अडून राहिली आणि बॅग पुढे केली. "पोरांनी कापल्यात हो. चौकीत चुरगळतील. धराल?"

इलारियानं अधिकाऱ्याकडे बघितलं. तो बघतच होता. तिनं त्याच्या डोळ्यांसमोर हात पुढे करून बॅग घेतली.

"परत कुठं देऊ?"

"सोमवारी! बाताता चौकात!" एवढंच ऐकू आलं आणि गाडीचं दार लागलं. नाव नाही, शाळा नाही, पत्ता नाही.

घरी येईपर्यंत लिंडाल्वानं ते बोचकं सोडलं नाही. गल्लीच्या तोंडाशी तिनं विचारलं, "सोमवारी मी देऊन येऊ बॅग? तू नको येऊस. तुझं नाव लिहून घेतलंय मेल्यानं."

"तुम्हाला दिली होती का त्यांनी?"

"नाही."

"मग?"

"अगं, वायराचं काय?"

इलारियाचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "वायराला इथं आणायचंय ना, कोमाद्रे. आणेन तेव्हा ह्याच बसमध्ये बसवणार आहे. शेजारच्याची बॅग धर म्हणून सांगणार आहे. आणि मीच पहिली बॅग टाकून दिली असं तिला कुठल्या तोंडानं सांगू?" मग म्हणाली, "मला भीती वाटते. फार वाटते. पण भीतीचं कितीही ऐका, तिचं पोट भरत नाही."

सोमवारी दोघी गेल्या. बाताता चौकात मुंगीला शिरायला वाव नव्हता. सांतोसच्या किनाऱ्यावर उभी राहिली होती तशी इलारिया फुटपाथच्या कडेला उभी राहिली. कामावरून सुटलेले, कॉलेजातले, म्हाताऱ्या, पाट्याच पाट्या. ह्यात एका घोगऱ्या आवाजाच्या बाईला शोधायचं कसं? तासभर दोघी रेटारेटीत फिरल्या. लिंडाल्वाचे पाय सुजले.

"सापडायची नाही ती, कोमाद्रे. आता आपणच पाटी घेऊन उभं राहायचं का?"

इलारिया थांबली. तिनं बॅगेची चेन ओढली. दुसऱ्याची बॅग तिनं आयुष्यात पहिल्यांदा उघडली, आणि तेही चौकाच्या मधोमध. पताकांची एक लांब माळ बाहेर काढली. एक टोक लिंडाल्वाच्या हातात दिलं.

"वर धरा."

"अगं, सगळ्यांना दिसेल! फोटो काढतायत!"

"दिसायलाच हवं. नाहीतर त्यांना कसं दिसेल?"

आणि ज्या बाईनं इतकी वर्षं मान वर केली नव्हती, ती फुटपाथच्या कठड्यावर चढून दोन्ही हात उंच करून उभी राहिली. डोक्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या वाकड्या पताका फडफडत होत्या. माणसं खालून जाताना हसून टाळ्या वाजवत होती. कोणी तरी ओरडलं, "जत्रा कुठल्या शाळेची?" हात भरून आले तरी तिनं खाली घेतले नाहीत.

"माझी पोरं! त्या माझ्या पोरांच्या पताका!"

घोगरा आवाज गर्दी फाडत आला. शिक्षिकाच. कपाळावर चिकटपट्टी, दोन्ही हातांत पाटीचा बांबू. तिला दुसऱ्या दिवशीच सोडलं होतं. तिनं इलारियाला मिठी मारली, म्हणजे बांबूसकट मारली, लिंडाल्वाच्या डोक्याला लागला आणि लिंडाल्वानं तिथंही भांडून घेतलं. मग शिक्षिकेचा चेहरा एकदम बदलला.

"आणा ती बॅग, आणि तुम्ही आधी घरी जा. त्या दिवशी त्यानं तुमचा कागद वाचला, मी ऐकलंय सगळं. इथं कोणी ओळखलं तर पक्का कागद हातचा जाईल तुमचा. जा, माझ्या बाई. काम झालं तुमचं."

काम खरंच झालं होतं. बॅग पोचली होती. मागे वळलं की बसथांबा, बसमध्ये बसलं की घर, घरात यंत्र. इलारियानं पताकांची माळ गुंडाळून आत ठेवली, चेन लावली, आणि शिक्षिकेच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात बांबूत अडकलेले.

तिनं बॅग आपल्या छातीवर अडकवली.

"तुमचे हात भरलेत," ती म्हणाली. "चला पुढे. मी धरते."

"कोमाद्रे! अगं, कुठवर धरणार?" लिंडाल्वा मागून ओरडली.

इलारिया रस्त्याच्या मधोमध चालायला लागली होती.

"त्या उतरतील तिथवर."